विंटर ड्रेसमधला हीटर

संध्याकाळच्या रोलकॉलला ओसी साहेबांनी, म्हणजे आमच्या तुकडीच्या प्रमुखांनी, ऑर्डर वाचली. उद्यापासून विंटर ड्रेस. सगळ्यांनी जर्सी घालायची, बाह्या खाली.

सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो. सैन्यात थंडी कधी वाजायची हे वरून ठरून येतं. ऑर्डर येण्याआधी वाजली तर ती तुमची खासगी बाब. ऑर्डर आल्यावर नाही वाजली तरी जर्सी घालावीच लागते. यात चूक काही नाही. शेकडो माणसं एकसारखी दिसायची तर एक तारीख लागते. चूक तेव्हा होते, जेव्हा कुणी यंत्रालाही गणवेश चढवतो.

आमच्याकडे चढवला होता.

मी तेव्हा हवालदार होतो. विमानांची देखभाल करणारा तंत्रज्ञ. विदर्भातल्या एका जुन्या धावपट्टीवर आमची लहान तुकडी होती. दोन हलकी विमानं, एका इंजिनाची, चार माणसं बसतील एवढी. कामं साधी. अधिकाऱ्यांना नेणं-आणणं, फायरिंग रेंजची हद्द वरून बघणं, फोटो काढणं. सीमा हजार किलोमीटर दूर. माझं गाव आंजी मोठी मात्र हाकेवर. त्या पोस्टिंगसाठी लोकांनी माझं अभिनंदन केलं होतं.

आता नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन नालवाडीत राहतो. सकाळी फिरायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "सुभेदार, किती मारले?" मी सांगतो, मी विमानाचे हीटर दुरुस्त केले. ते हसतात. "विमानात हीटर? वर्ध्यात? मे महिन्यात येऊन पाहा म्हणा त्या विमानाले." हजार फूट वर गेलं की तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, हे त्यांना शाळेत शिकवलं होतं. त्यांच्यातले दोघं तर निवृत्त शिक्षक आहेत, म्हणजे त्यांनी ते शिकवलंही होतं.

मला याद्या करायची सवय आहे. मी ज्यांना किंमत देत नाही अशा गोष्टींची यादी लांब आहे आणि तिच्यात पहिल्या नंबरवर एक वाक्य आहे. ते पुढे येईल.

हीटरला गणवेश कसा चढला ते आधी सांगतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एक ब्रिगेडियर साहेब आमच्या विमानातून गेले. खाली शेहेचाळीस अंश. चढताना त्यांच्या बॅगेचा पट्टा हीटरच्या नॉबमध्ये अडकला आणि नॉब बाहेर ओढला गेला. त्या विमानात नॉब ओढला की हीटर उघडतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. ब्रिगेडियर साहेब उतरले तेव्हा त्यांचा युनिफॉर्म पिळून वाळत घालण्यासारखा झाला होता. ते एक शब्दही बोलले नाहीत. आमच्या ओसी साहेबांना तो न बोललेला शब्द फार लागला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला. समर ड्रेस असेपर्यंत हीटरचा नॉब तारेनं बांधून ठेवायचा, वर लाल पट्टी. विंटर ड्रेस लागला की तार कापायची. हीटरचं जे काही बघायचं ते तेव्हाच बघायचं.

मी विचारलं, "सर, इंजिन की जाँच में साइलेंसर का जाकेट तो उतारना होगा ना?"

"झाडे," साहेब म्हणाले, "जो चीज़ बंद है, उसमें क्या ख़राब होगा?"

हेच ते वाक्य. पहिला नंबर.

या विमानाचा हीटर म्हणजे काही वेगळी शेगडी नसते. इंजिनाचा धूर ज्या सायलेन्सरमधून बाहेर जातो, तो लालबुंद तापतो. त्याच्याभोवती पत्र्याचं जाकीट असतं. बाहेरची ताजी हवा या जाकिटात शिरते, तापलेल्या सायलेन्सरला घासून गरम होते आणि नळीतून वैमानिकाच्या पायाशी येते. मध्ये एक झडप. झडपेला तार, तारेला नॉब. एवढंच. मोटरसायकल उघडणाऱ्या कुठल्याही माणसाला पाच मिनिटांत समजेल.

धोका एकच. सायलेन्सरला चीर पडली तर ताज्या हवेबरोबर धूरही आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. डोकं जड होतं, जीभ जड होते, मग माणूस झोपतो. म्हणून जाकीट उतरवायचं, सायलेन्सर बघायचा, आत हवा भरून वरून साबणाचं पाणी लावायचं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं. बुडबुडा आला की तो सायलेन्सर फेकायचा. शिवाय केबिनमध्ये एक लहान कार्ड चिकटवलेलं असतं. धूर आला की त्यावरचा ठिपका काळा पडतो. आमच्या कार्डाची मुदत संपली होती. विदर्भाच्या उन्हानं ठिपकाच उडून गेला होता. नवं कार्ड विंटर ड्रेसबरोबर येणार होतं.

हीटर चांगला आहे की नाही हे गरम हवेवरून ठरत नाही. चीर पडलेला हीटरही उत्तम गरम हवा देतो.

आता माणसं. कॅप्टन नेगी आमचे वैमानिक. गढवालचे, उंच, खिडकी उघडी टाकून उडणारे. नायक मुरुगन माझ्या हाताखालचा तंत्रज्ञ. रामनाथपुरमचा. त्याला ऑक्टोबरपासून थंडी वाजायची आणि तो ते लपवत नसे. तपकिरी रंगाची माकडटोपी त्याच्या खिशात बारा महिने असायची. काम मात्र असं करायचा की मागून तपासावं लागत नसे. मी तरीही तपासायचो, कारण ती माझी ड्यूटी होती, आणि दर वेळी तो म्हणायचा, "हवलदार साब, कभी तो गलती मिलेगा." मिळाली नाही.

विंटर ड्रेसची ऑर्डर वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ओसी साहेब हँगरमध्ये आले. जर्सी नवी, इस्त्रीची.

"दस बजे ब्रिगेडियर साहब आ रहे हैं. दोनों जहाज़ का हीटर चालू चाहिए."

तेच ब्रिगेडियर साहेब. मे महिन्यात ज्यांना भाजून काढलं, त्यांना नोव्हेंबरात ऊब द्यायची होती. हिशेब बरोबर करायचा होता.

एक विमान मी घेतलं, एक मुरुगनला दिलं. मी जाकिटाचे स्क्रू काढायला लागलो. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"इतना खोलने को किसने बोला? गरम हवा आनी चाहिए, बस."

"सर, साइलेंसर देखे बिना गरम हवा का कोई मतलब नहीं."

"हीटर है झाडे, दुल्हन नहीं. घूँघट मत उठाओ."

जवान हसले. साहेबांचा विनोद म्हटल्यावर हसावं लागतं, तोही ड्रिलचाच भाग आहे. मी स्क्रू काढत राहिलो. त्यामुळे माझं विमान त्या दिवशी उडालं नाही.

मुरुगननं आपल्या विमानाची तार कापली आणि नॉब ओढला. हलला नाही. एक अख्खा पावसाळा ती तार जागची हलली नव्हती. ती तार ज्या बारीक नळीतून जाते तिच्यात गंज धरला होता.

"सर, जाम है. खोलना पड़ेगा."

"टाइम नहीं है. ज़ोर लगाओ."

"सर, टूटेगा."

"मुरुगन, ज़ोर लगाओ."

मुरुगननं पक्कड लावली. करकर आवाज करत तार बाहेर आली आणि नॉबची मूठ तुटून पकडीत राहिली. इंजिन चालू केलं. पायाशी गरम हवा आली. ओसी साहेबांनी हात धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ए-वन."

"सर," मुरुगन म्हणाला, "तार वापस अंदर नहीं जाता."

"बंद क्यों करना है? विंटर ड्रेस लग गया."

मी हे शब्द कानांनी ऐकलेत. नंतर चौकशीत ते कुणालाच आठवले नाहीत.

नेगी साहेब आले. त्यांनी नॉबच्या जागी तारेचं टोक पाहिलं. "यह क्या है?" ओसी साहेब म्हणाले, मूठ संध्याकाळी बसेल, गरम झालं तर तुझी खिडकी आहेच. नेगी साहेबांनी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. ते त्यांनी पुढे स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून त्यांच्याबद्दल मी आणखी काही लिहीत नाही.

आमच्या कामात एक रिवाज आहे. विमानाला ज्यानं हात लावला, त्यानं पहिल्या उड्डाणात शेजारी बसायचं. कागदावरच्या कुठल्याही सहीपेक्षा हा रिवाज चांगला आहे. मुरुगननं पक्कड खिशात घातली, माकडटोपी कानांवर ओढली आणि उजव्या सीटवर बसला.

"क्यों मुरुगन," नेगी साहेब म्हणाले, "इतनी ठंड को हमारे पहाड़ में गरमी बोलते हैं."

"साब, आपके पहाड़ में आदमी नहीं रहता. आलू रहता है."

नेगी साहेब हसत हसतच धावपट्टीकडे निघाले. उड्डाण साडेआठला. काम एवढंच की आठ हजार फुटांवर जायचं, हीटर बघायचा, बोर धरणावरून वळून परत यायचं.

रेडिओ रूममध्ये ऑपरेटरला बाजूला सारून ओसी साहेब स्वतः माइक घेऊन बसले. मी दारात उभा होतो. किलो वन हे नेगी साहेबांच्या विमानाचं रेडिओवरचं नाव. पहिला संदेश वेळेवर आला.

"बेस, किलो वन. आठ हज़ार फ़ीट. केबिन गरम. सब ठीक."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत घूँघट होता, दुल्हन होती, सगळं होतं.

पुढचा संदेश उशिरा आला.

"बेस... किलो वन. आठ हज़ार फ़ीट. केबिन गरम. सब ठीक."

शब्द तेच, क्रम तोच, पण ओल्या पोत्यासारखे ओढत आणलेले. नेगी साहेब असं बोलत नसत. मी आत गेलो. ओसी साहेब माइकवर बोलत होते.

"किलो वन, बेस. यह पहले बता चुके हो. पोज़िशन बताओ."

मग उत्तर आलं, "सिर भारी है. मुरुगन नीचे झुका है. उठ नहीं रहा."

"सोया होगा," ओसी साहेब आम्हाला म्हणाले. "सुबह से काँप रहा था." आणि माइकवर, "किलो वन, रेडियो पर फ़ालतू बात नहीं."

"सर, धुआँ है," मी म्हणालो. "हीटर से आ रहा है."

"धुआँ होता तो बदबू आती. नेगी बताता."

"सर, उसको बदबू नहीं होती. माइक दीजिए."

"पीछे हटो, झाडे."

मी माइक घेतला. 'घेतला' हा माझा शब्द आहे. नंतरच्या कागदात 'हिसकावला' असा शब्द आहे. त्याबद्दल मला ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे.

"नेगी साहब, झाडे बोल रहा हूँ. खिड़की खोलिए."

"...खिड़की."

"हाँ. पूरी. अभी."

काही नाही. मग रेडिओत घोंघावणारा वारा भरला. एवढा की शब्द ऐकू येईना. मला तो आवाज पुरेसा होता.

"थ्रॉटल पीछे. नीचे आइए. मुरुगन की तरफ़ की खिड़की?"

"हाथ नहीं पहुँचता. वो नीचे है."

"आप कहाँ हैं?"

"डैम पीछे गया. हिंगणी पीछे. आगे... रोड. सीधा रोड."

वर्धा-आर्वी रोड. धावपट्टीला अजून बारा मिनिटं होती. उघड्या खिडकीनं माणूस थोडा शुद्धीत येतो, पण रक्तातला वायू तासन् तास निघत नाही. बारा मिनिटं नेगी साहेब जागे राहतील याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. मुरुगनबद्दल तर विचारच करायचा नव्हता. त्याला जमिनीवर आणायचं होतं, तेही लगेच.

"खेत में उतर जाइए, साहब."

"बिलकुल नहीं," ओसी साहेब मागून ओरडले. "बेस आने को बोलो. खेत में जहाज़ टूटेगा!"

जहाज तुटेल. त्या खोलीत त्या क्षणी एवढी एकच काळजी मोठ्यानं बोलली गेली.

खालचं रान मला पाठ होतं. लहानपण तिथेच गेलंय. मी सांगितलं, "रोड के बाईं तरफ़ देखिए. सफ़ेद दाने दिखें तो कपास है, मत उतरिए. हरा दिखे तो चना है, पानी दिया हुआ, पहिया धँसेगा. भूरा, खाली टुकड़ा ढूँढिए. सोयाबीन निकला हुआ. एक बड़ा है, कोने में नीम."

"भूरा," नेगी साहेब म्हणाले. "नीम."

तो तुकडा माझ्या चुलतभावाचा, प्रकाशभाऊचा होता. विहिरीवरची मोटर जळाली म्हणून त्यानं त्या वर्षी हरभरा पेरला नव्हता. मी माइक ऑपरेटरच्या हातात दिला, त्याला "बोलत राहा, थांबू नको" म्हटलं आणि मोबाइल लावला.

"भाऊ, कुठं हायेस?"

"वावरात. मोटर पाहाले आलतो. काऊन?"

"वर विमान दिसून राह्यलं का?"

"हो ना बाप्पा. लई खाली हाये. तूच हायेस का त्याच्यात?"

"नाई. तुह्या वावरात उतरून राह्यलं ते. बैल बाजूले काढ."

"माह्या वावरात? काऊन बे सुध्या, सरकारले दुसरं वावर नाई भेटलं?"

"भाऊ!"

"काढतो ना, काढतो."

फोन चालूच राहिला. मला बैलांना हाकलल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा, मग काहीच नाही. मग धापा टाकत प्रकाशभाऊ.

"उतरलं. एक चाक नालीत गेलं. नाक खाली हाये, शेपूट वर."

"आग?"

"नाई."

"दारं उघड. दोघायले बाहेर काढजो. मोकळ्या वाऱ्यात ठेवजो. पांघरूण घालू नको, शेकोटी करू नको, कोन्या बंद गाडीत घालू नको. अॅम्ब्युलन्सले सांग ऑक्सिजन पायजे."

"थांब." बराच वेळ धडपड ऐकू आली. "एक बोलून राह्यला. उंच साहेब हाये तो. दारू प्यायला का बे हा? जीभ अडखळून राह्यली त्याची."

"दारू नाई, भाऊ. धूर. दुसरा?"

प्रकाशभाऊ बडबड्या माणूस. लग्नात आंतरपाट धरलेला असतानाही त्याचं तोंड चालू होतं. तो गप्प झाला तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो.

"दुसरा खाली वाकून हाये," तो शेवटी म्हणाला. "सीटवरून पार खाली. डोकं तिकडं आत, त्या नळीपाशी. हातात पक्कड हाये. सोडून नाई राह्यला. गाल लाल लाल हायेत, लहान लेकरावानी. झोपल्यावानी दिसते, सुध्या. मले नाई वाटत झोपला म्हणून."

नेगी साहेबांना वर्ध्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. ते वाचले. मुरुगनला तपासून डॉक्टरांनी फक्त वेळ लिहिली.

दहाला ब्रिगेडियर साहेबांची गाडी आली. ओसी साहेबांनी आधी डोक्यावरची बेरे टोपी सरळ केली, मग सॅल्यूट केला, मग सांगितलं. हा क्रम मी स्वतः पाहिला आहे.

विमान उचलून आणायला दुपारी मी गेलो. वावरात जत्रा भरली होती. प्रकाशभाऊनं दोर बांधून कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. मी जाकीट उतरवलं. सायलेन्सरच्या जोडाजवळ बोटभर चीर होती. तिच्या कडांना राखाडी काजळी धरली होती. काजळी म्हणजे चीर जुनी. ती त्या सकाळची नव्हती, त्या आठवड्याचीही नव्हती. बंद वस्तूत काय खराब होणार होतं, ते तिथं झालं होतं.

मग मी झडप पाहिली. सकाळी ती पूर्ण उघडी होती, ती मी स्वतः पाहिली होती. आता ती चारांतले तीन हिस्से बंद होती.

तार वर नॉबपाशी आत जात नव्हती, म्हणून मुरुगन खाली शिरला होता. पॅनेलखाली, जिथे ती तार झडपेला मिळते तिथे. पकडीच्या दातांचे ओरखडे तारेवर दोन जागी होते. एक वर, सकाळी ओढतानाचे. दुसरे खाली, झडपेपाशी, एकापुढे एक, जवळजवळ. त्यानं तार पकडून थोडी थोडी ढकलत नेली होती. ते करताना त्याचं तोंड बरोबर त्या नळीसमोर होतं, जिच्यातून धूर येत होता. दुसरी जागाच नव्हती. त्याला डोकं दुखायला लागलं असेल तेव्हा त्यानं वर येऊन खिडकी उघडली असती तर तो वाचला असता. नेगी साहेब वाचले असते की नाही, ते सांगता येत नाही. ज्यांनी "सोया होगा" म्हटलं, त्यांनी म्हटलं तेव्हा तो काम करत होता, किंवा नुकताच थांबला होता.

चौकशी बसली. तीन अधिकारी, एक पंखा, चहा वेळच्या वेळी. मी झडप दाखवली, ओरखडे दाखवले. त्यांनी विचारलं, पक्कड हे हीटरचं ठरलेलं साधन आहे का? मी म्हटलं, नाही. ते उत्तर त्यांना पाहिजे होतं. निष्कर्षात आलं की नायक मुरुगन यांनी नियंत्रणावर अवाजवी जोर लावला. पुरावा काय, तर मृताच्या हातातली पक्कड. तीन हिस्से बंद झडपेबद्दल लिहिलं की उतरताना बसलेल्या धक्क्यानं ती सरकली असावी. जी तार जिवंत माणसाच्या दोन हातांनी सरकत नव्हती, ती नालीच्या धक्क्यानं आपोआप सरकली. हे लिहिणारे तिघंही पदवीधर होते आणि तिघांनीही सही केली.

नेगी साहेबांनी उभं राहून सगळं सांगितलं. जोर कुणी लावायला सांगितला, विंटर ड्रेसबद्दल काय म्हटलं गेलं, आणि आपण नाही का म्हटलं नाही, तेही. त्यांच्या जबानीपुढे शेरा आला की साक्षीदार वायूच्या प्रभावाखाली होता, त्याची आठवण विश्वासार्ह नाही. उड्डाणाआधीची आठवणही त्या वायूनं खाल्ली म्हणायची.

प्रकाशभाऊला बोलावलंच नाही. तो सिव्हिलियन. तो स्वतःच मोटरसायकल काढून गेटवर आला. पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम. तो म्हणाला, "म्या त्या पोराचा हात उघडला. पक्कड कशी धरलती ते मले ठाऊक हाये. साहेबायले सांगाचं हाये." पहारेकऱ्यानं आत फोन केला. आतून उत्तर आलं, गरज नाही. प्रकाशभाऊ मला म्हणाला, "तुह्या फौजेत सगळेच असे हायेत का बे?" मी म्हटलं, नाही. एक नव्हता. त्याचाच हात तू उघडलास.

चौकशीनं शिफारसही केली. या प्रकारच्या विमानांचे हीटर कायमचे बंद करावेत. पत्र्याचं झाकण ठोकून. सायलेन्सर तपासा, असं वाक्य त्या कागदात कुठेही नाही. पुढच्या हिवाळ्यांत वैमानिक दोन दोन हातमोजे घालून उडत राहिले. ओसी साहेबांना पदोन्नतीवर दुसरीकडे पाठवलं. आता ते निवृत्त आहेत आणि शाळांमधून नेतृत्वावर भाषणं देतात. नाव लिहीत नाही. ते लिहिण्याइतकी शाई मी त्यांच्यावर खर्च करणार नाही.

मुरुगनचे वडील रामनाथपुरमहून आले. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. मी सामान मोजून त्यांच्या हवाली केलं. माकडटोपी त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. त्यांच्या गावात असली वस्तू कुणी वापरत नसावं. मी दोन्ही हातांनी कान झाकून दाखवले. त्यांनी मान हलवली.

आता नालवाडीत हिवाळा लागला की मी कॉलनीतून एक फेरी मारतो. लोकांनी न्हाणीघरात गॅसचे गीझर बसवलेत आणि वारा येतो म्हणून खिडकीला प्लास्टिक ठोकलंय. वायू तोच. मी प्लास्टिक फाडायला सांगतो. गेल्या वर्षी शेजारचे एक निवृत्त क्लार्क मला म्हणाले, "सुभेदार, तुमचं भलतंच. इतके वर्ष काही झालं काय?" मी त्यांच्यासमोर प्लास्टिक फाडलं. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला तो महिना चांगला गेला. मागे मला 'हीटरवाले सुभेदार' म्हणतात, हेही मला माहीत आहे.

नेगी साहेब अजून उडतात. जिथे असतील तिथे विंटर ड्रेसची ऑर्डर आली की त्यांचा फोन येतो. "प्रकाशभाऊ कैसे हैं?" एवढंच विचारतात. मी सांगतो, मोटर नवी घेतली, हरभरा बरा आहे, कोपऱ्यातला कडुलिंब आहे. मग ते फोन ठेवतात.

चौकशीचा कागद कुठल्यातरी कपाटात आहे. तो बदलणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माझी नोंद मी इथे करतो. नायक मुरुगन, विमान तंत्रज्ञ, रामनाथपुरम. आंजी मोठीच्या आकाशात, हीटर बंद करताना कामी आला. हीटर तीन हिस्से बंद झाला होता.

मी मागून तपासलं. चूक नव्हती.